केविनचे घर आणि प्रेक्षकांचा कौल

डिसेंबर लागला की आमच्या गोव्यात घरांच्या दारांवर कागदी नखेत्रे लटकू लागतात, वाड्यावाड्यांवर नाताळचे गोठे उभे राहतात, आणि सुट्टी पडलेली मुले कुठून तरी 'होम अलोन' शोधून काढून पाहत बसतात. पूर्वी हे केबलवर चाले, आता मोबाईलवर चालते. नखेत्रांवर आणि गोठ्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी आज तिसऱ्या गोष्टीवर लिहिणार आहे.

एका धांदरट कुटुंबाची, घरी विसरून राहिलेल्या आठ वर्षांच्या पोराची आणि दोन चोरांची ही गोष्ट. इतिहासाच्या लेखात तिचे काय काम, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे की, लोकप्रिय कलाकृतीच्या इतिहासाचे दोन भाग असतात. ती कशी झाली हा पहिला भाग, आणि लोकांनी तिचे काय केले हा दुसरा. पहिला भाग पुस्तकांत सापडतो. दुसरा भाग, म्हणजे प्रेक्षकांचे मत, बहुतेक वेळा वाऱ्यावर जातो. या सिनेमाच्या बाबतीत तो बऱ्यापैकी हाती राहिला आहे, म्हणून हे उदाहरण घेतले.

आधी पहिला भाग थोडक्यात. पटकथाकार जॉन ह्यूज सहकुटुंब प्रवासाला निघायची तयारी करत होता. काय काय विसरता कामा नये याची यादी करताना त्याच्या मनात आले, 'मुलांना विसरता कामा नये!' आणि लगेच पुढचा विचार आला, की खरेच एखादे मूल घरी राहिले तर? दिग्दर्शन ख्रिस कोलंबसकडे गेले. वॉर्नर ब्रदर्स ही कंपनी सुरुवातीला पैसे घालणार होती, पण खर्चाचा आकडा वाढू लागताच तिने अंग काढून घेतले आणि फॉक्सने तो चित्रपट उचलला. शेवटी खर्च आला सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर. शिकागोजवळच्या विनेट्का गावातले एक घर बाहेरून दाखवले आहे, तर आतल्या बऱ्याचशा खोल्या बंद पडलेल्या एका हायस्कुलाच्या इमारतीत उभारल्या होत्या. पाणी तुंबलेले तळघर आठवते ना? ते त्या शाळेच्या पोहण्याच्या तलावात चित्रित झाले. चोराच्या तोंडावरून फिरणारा कोळी खरा होता. हा चोर रंगवला डॅनियल स्टर्न या नटाने. दुसरा चोर जो पेशी. त्याच वर्षी 'गुडफेलाज'मध्ये त्याने अंगावर काटा आणणारा गुंड रंगवला होता आणि त्याबद्दल त्याला ऑस्कर मिळाले. इथे तोच माणूस एका पोराकडून मार खातो.

१६ नोव्हेंबर १९९० रोजी चित्रपट अमेरिकेत लागला. समीक्षकांनी काय म्हटले? शिकागोचा रॉजर ईबर्ट हा त्या काळचा बडा समीक्षक, आणि चित्रपट त्याच्याच शहराच्या वेशीवर घडलेला. त्याने चारांपैकी अडीच तारे दिले. कथानक इतके अशक्य आहे की पोराची काळजीच वाटत नाही, असे सापळे आठ वर्षांचे मूल लावूच शकणार नाही, हा त्याचा मुख्य आक्षेप. 'एंटरटेनमेंट वीकली'च्या ओवेन ग्लायबरमनने तर 'डी' ही श्रेणी दिली. मोठ्या माणसांना बदडण्यात क्रूर मजा घेतली आहे, असा त्याचा रोख होता. काहींना पहिला अर्धा भाग मिळमिळीत वाटला आणि दुसरा आवडला. थोडक्यात, शाळेच्या भाषेत सांगायचे तर पोरगा काठावर पास झाला.

आता प्रेक्षकांकडे वळू. अमेरिकेत 'सिनेमास्कोर' नावाची एक पद्धत आहे. एड मिंट्झ नावाच्या माणसाने ती १९७० च्या दशकाच्या शेवटी सुरू केली. समीक्षकांनी वाखाणलेला एक चित्रपट पाहून त्याची निराशा झाली होती. समीक्षकांपेक्षा साध्या माणसांचे मत कळले तर बरे, हा विचार पुढे एका धार्मिक सणाच्या दिवशी सिनेगॉगमध्ये देणगीची कार्डे पाहताना आकाराला आला. चित्रपट सुटल्यावर बाहेर पडणाऱ्यांच्या हाती तसेच छोटे कार्ड द्यायचे आणि श्रेणी विचारायची, एवढाच तो प्रकार. आपल्याकडे देवाचा कौल घेतात, तिथे हा माणूस लोकांचा कौल घेऊ लागला. 'होम अलोन'ला त्या कार्डांवर 'ए' मिळाला.

दुसरा कौल तिकीट खिडकीचा. पहिल्या शनिवार-रविवारी सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर जमले. ती काही अचाट रक्कम नव्हे. अचाट गोष्ट पुढे घडली. सलग बारा आठवडे हा चित्रपट पहिल्या क्रमांकावर राहिला. नाताळ संपला, नवे वर्ष उजाडले, झाडे उतरवली गेली, फेब्रुवारी आला, तरी लोक नाताळचा सिनेमा पाहायला जातच होते. अमेरिकेत साडेअठ्ठावीस कोटी आणि जगभर सुमारे ४७ कोटी ६० लाख डॉलर असा अखेरचा हिशेब. पुढे दोन दशके हा आकडा विनोदी चित्रपटांच्या सर्वांत मोठ्या कमाईंपैकी एक होता. २०११ साली 'द हँगओव्हर पार्ट २'ने तो मागे टाकला.

हे बारा आठवडे नीट पाहिले पाहिजेत. त्यांच्या मधोमध, १७ जानेवारी १९९१ रोजी, आखाती युद्धाचे हवाई हल्ले सुरू झाले. लाखो अमेरिकन सैनिक वाळवंटात होते. दिवसभर टीव्हीवर बाँबफेक पाहणारी माणसे संध्याकाळी थिएटरात एका आईला पाहत होती, जी पॅरिसहून मिळेल त्या विमानाने आणि शेवटी एका पोल्का बँडवाल्यांच्या गाडीतून आपल्या पोराकडे धावत सुटली आहे. या दोन गोष्टींचा संबंध होता असे कुठल्या कार्डावर लिहिलेले नाही, हा माझा तर्क आहे. पण घराकडे परतणे हा विषय त्या हिवाळ्यात लोकांच्या मनात होता हे नक्की.

गोव्यातही तो होता, आणि इथे तर्काची गरज नाही. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले. त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना, बहुतांश अम्मानमार्गे, विमानांनी मायदेशी आणले गेले. त्यांत गोंयकार पुष्कळ होते. वर्षानुवर्षांची नोकरी, बँकेतले पैसे, घरातले सामान मागे टाकून, हातात एक पिशवी घेऊन माणसे दाबोळीला उतरली. त्या वर्षीच्या नाताळला अनेक घरांत बाप खूप वर्षांनी मिसेला मुलांच्या शेजारी उभा होता, आणि पुढे काय हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्या वेळी इथल्या कोणी 'होम अलोन' पाहिला असण्याचा संभव कमीच. तो आमच्याकडे पोचला पुढे, व्हिडिओ कॅसेट आणि केबलवरून. पण पोचला तेव्हा 'माणसे परतणार की नाही' ही भीती इथल्या घरांना परकी नव्हती.

चित्रपट घरात शिरला की प्रेक्षकांच्या मताचे स्वरूप बदलते, आणि अमेरिकेला हा अनुभव जुना आहे. फ्रँक काप्राचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' १९४६ च्या डिसेंबरमध्ये आला, ऑस्करची पाच नामांकने मिळवून गेला, पण गल्ल्यात खर्च भरून निघाला नाही. १९७४ साली त्याच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण करायचे राहून गेले. फुकटात मिळतो म्हटल्यावर गावोगावच्या टीव्ही केंद्रांनी तो दर डिसेंबरला लावायला सुरुवात केली. पाहता पाहता तो घराघरातला झाला. म्हणजे कचेरीतला एक कागद वेळेवर भरला गेला नाही, म्हणून एका पडलेल्या चित्रपटाला प्रेक्षकांसमोर दुसऱ्यांदा उभे राहता आले. दुसरे उदाहरण १९८३ च्या 'अ ख्रिसमस स्टोरी'चे. बंदुकीचा हट्ट धरलेल्या पोराचा हा विनोदी चित्रपट थिएटरात बेताचाच चालला. १९९७ पासून एका वाहिनीने तो नाताळच्या आदल्या संध्याकाळपासून चोवीस तास, एकापाठोपाठ बारा वेळा दाखवायला सुरुवात केली, आणि आज तो अमेरिकेत सणाचाच भाग झाला आहे. गंमत पाहा, 'होम अलोन'मध्ये पॅरिसला अडकलेले कुटुंब टीव्हीसमोर बसलेले असते आणि पडद्यावर फ्रेंचमध्ये 'इट्स अ वंडरफुल लाइफ' चालू असतो. दरवर्षी पाहायच्या चित्रपटांच्या रांगेत आपणही बसणार, असे हा चित्रपट जणू आधीच सांगून ठेवतो.

या रांगेतले सर्वांत नवलाचे प्रकरण पोलंडमधले. तिथे नाताळच्या सुमारास 'पोलसाट' ही वाहिनी 'केविन घरी एकटा' या अर्थाच्या पोलिश नावाने हा चित्रपट लावते. २०१० साली वाहिनीने ठरवले, या वर्षी केविनला विश्रांती देऊ. तेव्हा नव्वद हजारांहून अधिक लोकांनी फेसबुकवर निषेध नोंदवला आणि वाहिनीने निर्णय फिरवला. पुढच्या वर्षी पन्नास लाखांहून अधिक पोलिश प्रेक्षकांनी तो पाहिला. त्यांतल्या बहुतेकांना संवाद पाठ असणार. शेवटी काय होते हे ठाऊक नसलेला एक तरी असेल का?

मग ते पाहतात काय? ईबर्टच्या आक्षेपाचे उत्तर मला इथे सापडते. त्याने चित्रपट पाहिला तो एक गोष्ट म्हणून, आणि गोष्ट शक्य आहे की नाही हे तपासले. ते त्याचे कामच होते. दरवर्षी पाहणारा माणूस शक्याशक्यतेच्या पलीकडे गेलेला असतो.

आम्हा गोंयकारांना हे समजायला कठीण जाऊ नये. आमच्या देवळांत कालो होतो. संकासूर दरवर्षी वेद चोरतो, दरवर्षी विष्णूकडून मारला जातो, आणि मधल्या वेळात लोकांना हसवून सोडतो. पुढे बसलेली लहान मुले त्याला भितातही आणि हसतातही. 'हे वेद याने गेल्या वर्षीही चोरले होते, आता कंटाळा आला' असे म्हणून उठून गेलेला प्रेक्षक माझ्या पाहण्यात नाही. संकासुराचा मार पाहायलाच तर लोक बसतात. त्या दोन चोरांचे तेच आहे. तापलेल्या दाराच्या मुठीला हात लागणार, रंगाचा डबा तोंडावर बसणार हे ठाऊक आहे, म्हणूनच हसू आधीपासून तयार असते. संकासुराला शक्यतेचा निकष लावून अडीच तारे देणारा समीक्षक आपल्याकडे झाला नाही, हे आपले भाग्यच.

आणखी एक. पुनःपुन्हा पाहणाऱ्याला जे दिसते ते एकदाच पाहणाऱ्याला दिसत नाही. केविनची गैरहजेरी विमानतळावर कशी लक्षात आली नाही? आदल्या रात्री स्वयंपाकघरात दूध सांडते, बाप कागदी रुमालांनी ते टिपतो आणि त्या गडबडीत केविनचे तिकीट रुमालांबरोबर कचऱ्यात जाते. सकाळी डोकी मोजताना शेजारचा एक पोरगा मधे घुसलेला असतो, त्यामुळे संख्या जुळते. वादळाने फोनच्या तारा तुटलेल्या असतात. ह्यूजने शक्याशक्यतेचा बराच विचार केला होता, हे प्रेक्षकांनी विसाव्या खेपेला शोधून एकमेकांना सांगितले. अर्थात प्रेक्षकांची नजर कधीकधी नको तेवढी तीक्ष्ण होते. विमानतळाच्या प्रसंगात आईच्या मागे उभा असलेला दाढीवाला माणूस म्हणजे १९७७ साली वारलेला गायक एल्व्हिस प्रेस्ली आहे, असेही मानणारे लोक आहेत! केविन टीव्हीवर पाहतो तो जुना काळा-पांढरा गुंडपटही अनेकांना खरा वाटतो. तो या चित्रपटासाठीच बनवलेला तुकडा आहे.

प्रेक्षकांच्या मतातला सर्वांत महत्त्वाचा बदल मात्र वयाचा आहे. लहानपणी सगळे केविनच्या बाजूने असतात. घरात कोणी ओरडणारे नाही, आईस्क्रीम हवे तेवढे, वर चोरांना चोप. तीच मुले आईबाप झाली की कॅथरीन ओ'हाराने केलेल्या आईकडे पाहू लागतात. विमानात दचकून उठून ती मुलाचे नाव घेते, तिथे आता त्यांना हसू येत नाही. आणि केस पिकू लागले की लक्ष जाते शेजारच्या म्हाताऱ्या मार्लीकडे. मुलाशी भांडण होऊन दुरावलेला हा माणूस नातीचे गाणे ऐकायला चर्चमध्ये येतो, कारण घरी त्याला बोलावणे नाही. हे पात्र कोलंबसने पटकथेत घातले. ते नसते तर चित्रपट नुसता धिंगाणा राहिला असता, असे मला वाटते. आठ वर्षांचे पोर त्या म्हाताऱ्याला विचारते, तुम्ही मुलाला फोन का करत नाही? चित्रपट तोच राहिला, पाहणारा बदलत गेला. प्रेक्षकांचे मत एकदा विचारून भागत नाही, ते दर दहा वर्षांनी विचारावे लागते.

वाद घालणारेही आहेत, आणि त्यांचेही ऐकले पाहिजे. मारामारी मुलांना दाखवावी का, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून आहे. अलीकडे पैशांवर बोट ठेवले जाते. पंधरा माणसांना पॅरिसला नेणारे हे कुटुंब साधे कसे? २०२३ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने शिकागोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञांना हा प्रश्न विचारला, तेव्हा असे घर परवडणारे लोक त्या भागातले वरचे एक टक्का असणार, असे उत्तर आले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 'होम अलोन'ला राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जागा दिली. जपून ठेवण्याजोगे चित्रपट या नोंदवहीत घेतात आणि त्यासाठी सामान्य माणसांकडूनही दरवर्षी नावे मागवतात. अडीच ताऱ्यांपासून नोंदवहीपर्यंत तेहतीस वर्षे लागली, आणि या वाटेवर त्याला मुख्यतः प्रेक्षकांनी चालवत नेले.

गोव्यातून पाहताना मला या चित्रपटात एक गोष्ट नेहमी खटकते. त्या गल्लीतली बरीचशी घरे नाताळला बंद आहेत. माणसे सणासाठी घर सोडून गेली आहेत, दिवे आपोआप लागतात, आणि चोरांकडे त्यांच्या वेळांची यादी आहे. आमच्याकडे उलट. सणाला माणसे घरी येतात. बोटीवरचा मुलगा, दुबईची मुलगी, मुंबईचा काका. नाताळला शेजारून दोदोल, बेबिंक, नेवऱ्या यांचे ताट येते, चवथीला आपल्याकडून त्या घरी ताट जाते. अशा वाड्यावर केविनला एकटे राहायला मिळालेच नसते. दोन तासांत कोणीतरी विचारले असते, 'बाबा, तुझी आई खंय गेली रे?'

हे मी अभिमानाने लिहीत होतो, पण आता हात जरा आखडतो. आज आमच्या गावांतून फिरले तर किती दारांना कुलपे दिसतात! माणसे लिस्बनला, लंडनला, तोरांतोला गेली. काही घरे नाताळात किंवा चवथीला आठ दिवस उघडतात, काही तेवढीही नाहीत. एखाद्या बंद घराच्या बाल्कांवावर कोणी शेजारी आठवणीने नखेत्र लावून जातो. तिशी-चाळिशीतले गोंयकार आज हा चित्रपट कुठल्या तरी थंड देशात आपल्या मुलांबरोबर पाहत असतील, तेव्हा रिकामे घर पाहून त्यांना काय वाटत असेल? त्यांचे मत अजून कोणी कार्डावर लिहून घेतलेले नाही.

माझी खरी खंत इथेच आहे. एका अमेरिकन विनोदी चित्रपटाबद्दल बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांनी कोणती श्रेणी दिली, तो किती आठवडे चालला, पोलंडात किती लोक रागावले, हे सगळे मला घरबसल्या सापडते. माझ्याच गावच्या देवळासमोर पिढ्यान् पिढ्या होत आलेल्या मराठी नाटकांबद्दल प्रेक्षकांचे मत काय होते, कोणत्या प्रवेशाला बायका डोळे पुसत, कोणत्या नटाला पुन्हा गायला लावत, कोणते नाटक पडले आणि का पडले, हे विचारायला गेलो तर ते सांगणाऱ्या म्हाताऱ्या माणसांशिवाय दुसरे दफ्तर नाही. नाटककारांची नावे राहिली, नटांची काही राहिली, प्रेक्षक मात्र रात्र संपताच घोंगडी झटकून घरी निघून गेले. आणि ती म्हातारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

त्यासाठी संस्था काढायला नको की अनुदान मागायला नको. या सुट्टीत घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या आजोबांजवळ, आजीजवळ वही घेऊन बसावे. कोणते नाटक पाहिले, कोणत्या सालच्या जत्रेत, कोणाबरोबर, आणि तेव्हा कोणाची बाजू घेतली, एवढे चार प्रश्न पुरेत. शक्य असेल तर पाचवाही विचारावा: आज पाहिले तर कोणाची बाजू घ्याल?